बटणावरचा हार्प

२०२२च्या फेब्रुवारीत इगतपुरीला मामाकडे गेले होते. निघायच्या दिवशी त्याने माळ्यावरून बिस्किटांचा एक गंजका डबा काढला आणि माझ्या हातात ठेवला. "हे तू ने. तू तिथेच राहतेस ना आता, बघ काही लागतंय का." डब्यात नॅनाची जपमाळ, रेल्वेच्या जुन्या पासांचे तुकडे, दात पडलेला एक कंगवा आणि पितळेचं एक बटण. बटणावर मुकुट, मुकुटाखाली हार्प, म्हणजे उभ्या तारांचं ते त्रिकोणी वाद्य, आणि त्याखाली एक आकडा. तो इतका घासलेला की आठ म्हणावं तर आठ, सहा म्हणावं तर सहा.

नॅना म्हणजे माझ्या आईची आई. आईचं माहेर अँग्लो-इंडियन, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेतलं. बाबा नाशिकचे. त्यामुळे आम्हाला एक आजी होती आणि एक नॅना. नॅनाचे आजोबा आयर्लंडहून आले, ते तिकडच्या हार्पवाल्यांच्या घराण्यातले, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुरावा काय, तर हे बटण.

मी २०१६पासून डब्लिनला आहे, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला. इथे नाण्यावर हार्प, पासपोर्टवर हार्प, सरकारी पाकिटावर हार्प, बिअरच्या ग्लासवरही हार्प. (बिअरवाल्यांनी आपला हार्प १८७६ सालीच नोंदवून ठेवला होता, म्हणून १९२२ला आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर सरकारला आपला उलट्या बाजूला वळवावा लागला, असं इथले लोक मजेने सांगतात.) सहा वर्षं तो रोज बघूनही नॅनाची गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती. बटण पर्समध्ये आल्यावर आली.

मार्चमध्ये एका शनिवारी किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेले. तिथे वंशावळ शोधणाऱ्यांना मोफत सल्ला मिळतो. मी उत्साहाने आडनाव सांगितलं. समोरच्या बाई हसल्या नाहीत, पण हसू आवरल्याचं दिसलं. त्या आडनावाची माणसं मधल्या आयर्लंडात आपल्याकडच्या पाटलांइतकी. त्यांनी एकच सांगितलं: आयर्लंडपासून सुरुवात करू नका, स्वतःपासून करा आणि एकेक पायरी मागे जा. हे तुम्हालाही सांगते, कारण मी पहिले तीन आठवडे नेमकं उलट केलं. दिसेल त्या संकेतस्थळावर आडनाव टाकत बसले आणि शेवटी माझ्याकडे चाळीस पूर्वज जमले, त्यातला एकही माझा नव्हता.

मागे जायचं म्हणजे आधी माझा जन्मदाखला, मग आईचा १९४८चा, मग नॅनाचा १९१४चा बाप्तिस्मा. तो शेवटचा मामाने चर्चमधून काढून आणला. दोनदा फादर गावाला गेले होते, एकदा किल्ली सापडेना, चौथ्या खेपेला नोंद मिळाली. खर्च दानपेटीत टाकलेले पाचशे रुपये आणि मामाची रिक्षा. त्या दाखल्यावर नॅनाच्या वडिलांचं पूर्ण नाव आणि हुद्दा होता: फायरमन.

त्याच्या मागे जायला इगतपुरीची गरज पडली नाही. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींची एक प्रत दरवर्षी लंडनला जात असे. त्या वह्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि बऱ्याचशा पैसे भरून घरबसल्या बघता येतात. मी एका महिन्याची वर्गणी घेतली, वीस युरोंच्या आत. त्याआधी ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या फिबिस या संस्थेची मोफत सूची चाळून काय काय बघायचं याची यादी करून ठेवली होती. तुम्हीही आधी यादी करा आणि मगच वर्गणी भरा. महिना भुर्रकन जातो.

इकडे हार्प शिकायचंही मनात सुरू झालं होतं. एप्रिलमध्ये आमच्या भागात हार्प शिकवणाऱ्या एका बाईंना फोन केला. निवृत्त शिक्षिका, वय साठीच्या पुढे. इथे सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, त्याही तसंच म्हणाल्या. तोंडाने मी ते पाळते, मनातल्या मनात त्या माझ्या बाईच आहेत. मी बटण दाखवलं, घराण्याची गोष्ट सांगितली. बाई म्हणाल्या, "अमेरिकेहून येणाऱ्या प्रत्येकाचे पूर्वज एक तर राजे असतात, नाही तर हार्पवाले. इगतपुरीहून आलेली तू पहिलीच."

मग त्यांनी मला जे सांगितलं त्याने गोष्टीतली निम्मी हवा गेली. राजदरबारातले, जमीनदारांच्या घरचे आयरिश हार्पवादक अठराव्या शतकातच संपत आले होते. १७९२च्या जुलैत बेलफास्टला त्यांचा मेळावा भरवला तेव्हा सगळ्या आयर्लंडातून जेमतेम दहा जण आले. बरेचसे म्हातारे, काही आंधळे. डेनिस हेम्पसन तर नव्वदी ओलांडलेला, आणि धातूच्या तारा वाढवलेल्या नखांनी छेडायची जुनी पद्धत त्या सगळ्यांत त्याच्या एकट्याकडे उरलेली. एडवर्ड बंटिंग नावाच्या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाला त्यांच्या चाली उतरवून घ्यायला बसवलं होतं, म्हणून आज त्या आहेत. आज शिकवतात तो कळांचा, आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारांचा हार्प त्या वाद्याचा वंशजही नीटसा नाही. डब्लिनच्या जॉन ईगनने १८२०च्या आसपास छोटा हार्प बनवायला घेतला, तिथून ही शाखा निघते. नॅनाचे आजोबा १८२९च्या सुमाराचे, हे मला पुढे कळलं. म्हणजे मी शिकत होते ते वाद्य त्यांच्याहून फार तर दहा वर्षांनी थोरलं.

तरी शिकायचं ठरवलं. आता वाद्य कुठून आणायचं? ऑनलाइन बावीस तारांचे सुंदर शिसवी हार्प तीनशे-चारशे युरोंत दिसत होते. नक्षी बघून मला आमच्या नाशिकच्या देव्हाऱ्याची आठवण झाली. बाईंनी साफ मना केलं. हे बहुतेक सियालकोटकडे बनतात, दिसायला छान, पण स्वर धरत नाहीत आणि वर्षभरात मान वाकते, असा त्यांचा अनुभव. सुरुवातीला हार्प भाड्यानेच घ्यावा. कार्दे ना क्रुते ही १९६० सालची हार्पप्रेमींची संस्था भाड्याने देते, काही शिक्षक आणि दुकानंही देतात. सगळीकडे रांग होती. एप्रिलमध्ये नाव लावलं, जुलैच्या शेवटी एका दुकानातून चौतीस तारांचा हार्प मिळाला. महिना ४५ युरो, अनामत २००. गाडीची मागची सीट पाडून, दोन उशा लावून घरी आणला. नवरा म्हणाला, सोफा आणलास असं वाटतंय.

पहिला महिना वाजवण्यात नाही, लावण्यात गेला. स्वरमंडळ लावलेल्यांना कल्पना येईल. चौतीस तारा, एकच चावी. लाल तारा 'सी'च्या, काळ्या 'एफ'च्या, तेवढीच खूण. सगळ्या कळा खाली असताना वाद्य ई-फ्लॅटमध्ये लावतात, मग ज्या स्वराची कळ वर कराल तो अर्धा स्वर चढतो. वरच्या तारा लावेपर्यंत खालच्या उतरलेल्या. ऑक्टोबरात घरातला हीटर सुरू झाला आणि एका रात्रीत सगळं बिघडलं, अकराव्या तारेने तर धाडकन जीव दिला. नवरा झोपेतून उठून चोर आला का बघायला गेला. तेव्हापासून मी हार्पजवळ पाण्याचं भांडं आणि आर्द्रता मोजायचं दहा युरोंचं यंत्र ठेवते. दुसरी चावी घेऊन ठेवा, पहिली सोफ्याच्या फटीत जाते म्हणजे जातेच.

हाताचंही नव्याने शिकावं लागलं. अंगठा वर, बोटं खाली, तार छेडली की बोट तळव्यात मिटायचं. करंगळी वापरायचीच नाही. आधुनिक हार्प उजव्या खांद्यावर टेकतो, जुना आयरिश हार्प, ज्याला तिकडे क्लॉर्शख म्हणतात, डाव्या. नखं कापावी लागली. बोटांच्या टोकांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. प्रयोगशाळेत हातमोजे घालताना ते झोंबायचे. शिकवणं मात्र ओळखीचं निघालं. बाई समोर कागद ठेवत नाहीत. एक ओळ वाजवतात, मी वाजवते, चुकले की काही न बोलता पुन्हा तीच ओळ. नाशिकला गाण्याच्या क्लासात हेच चालायचं, फक्त तिथे बाजूला चहाचा कप असायचा. तसा इथेही असतो.

नॅना एक चाल गुणगुणायची. मला खात्री होती की ती आयरिश असणार, खापरपणजोबांपासून आलेली. सप्टेंबरमध्ये धीर करून बाईंना म्हणून दाखवली. त्यांनी पहिल्या दोन ओळींतच ओळखली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं अमेरिकी नाचाचं गाणं होतं. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या शनिवारच्या डान्समध्ये ऐकलं असणार तिने. गाडीत बसून मी खूप हसले, आणि थोडी रडलेही.

ऑगस्टमध्येच १८६९च्या लग्नाची नोंद सापडली होती. नवरा: पेन्शनर शिपाई, वय चाळीस, रोमन कॅथलिक, आता रेल्वेत नोकरीला, वडिलांचं नाव अमुक. सही नाही, फुली. नवरीच्या रकान्यात फक्त एक बाप्तिस्म्याचं नाव, तेही सर्वांत सर्रास असणारं. आडनाव नाही. वडिलांचं नाव लिहायच्या जागी शाईची एक आडवी रेघ. फुली तिचीही. त्या काळच्या वह्यांत भारतीय बायकांची नोंद बहुतेकदा अशीच असते, हे मी आधी कुठेतरी वाचलं होतं. स्वतःच्या घरातली रेघ बघेपर्यंत ते नुसतं वाचलेलं होतं.

त्या दिवशी मात्र मी तिच्यापाशी थांबले नाही. माझं लक्ष 'पेन्शनर' या शब्दाकडे गेलं. पेन्शन म्हणजे कागद असणार. ऑक्टोबरमध्ये, दुसऱ्या महिन्याची वर्गणी भरून, लंडनजवळच्या क्यू इथल्या अभिलेखागारातली त्याची सेवानिवृत्तीची कागदपत्रं उघडली. चार पानं. 'लाँगफर्ड काउंटीत, ग्रॅनर्ड गावात किंवा गावाजवळ जन्म. धंदा: मजूर.' भरती १८४७, वय १८. तो दुष्काळाचा, बटाटा कुजल्याचा काळ. उंची पाच फूट सहा इंच, केस तपकिरी, डोळे करडे. माझ्या आईचे डोळे करडे होते आणि नाशिकला सगळे त्याबद्दल विचारायचे. दोनदा दारूसाठी शिक्षा. एकदा सद्वर्तनाची फीत मिळाली, एकदा काढून घेतली. सुटका १८६८. शेवटच्या पानाच्या तळाशी कारकुनाने सुबक अक्षरात त्याचं नाव लिहिलंय आणि पहिलं नाव आणि आडनाव यांच्यामध्ये फुलीसाठी जागा सोडलीय. फुलीची दुसरी रेघ कागदात रुतलेली दिसते, दौतीतून नुकत्याच काढलेल्या टाकाने काढतात तशी.

आणि पहिल्या पानावर पलटणीचं नाव. ८६वी, रॉयल काउंटी डाऊन. बटणावरचा हार्प पलटणीचा होता, घराण्याचा नव्हता.

त्याखाली पदक: १८५७चं, 'सेंट्रल इंडिया' पट्टीसह. ८६वी पलटण ह्यू रोझच्या फौजेत होती. ३ एप्रिल १८५८ला झाशीच्या तटावर जे चढले त्यांत ती होती.

हे मी आठवडाभर कोणाला सांगितलं नाही. मग बाबांना फोन केला. वरसईचे गोडसे भटजी त्या दिवशी झाशीत होते, बाबांना त्यांचं वर्णन जवळजवळ पाठ. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, "त्या दिवशी त्याने काय केलं, ते लिहिलंय?" मी म्हटलं, नाही. "मग नको विचार करूस," म्हणाले, आणि पुढचे दहा मिनिटं त्याच विषयावर बोलत राहिले. तटाच्या आत भटजी, तटावर आपला माणूस, असं तीन-चारदा म्हणाले. 'आपला' म्हणाले, ते माझ्या लक्षात राहिलं. मामा मात्र सरळ म्हणाला, "पोटासाठी गेला ना तो? आपण काय वेगळं केलं?" तेही खरं. मीही इथे पोटासाठीच आले. पण माझ्या हातात बंदूक नव्हती, हेही खरं.

२०२३चा जानेवारी बाप्तिस्म्यांच्या वह्यांत गेला. इथली १८६४ आधीची कॅथलिकांची जन्मनोंद सरकारदरबारी नाहीच आणि १९२२मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलाला लागलेल्या आगीत बाकीचे ढीगभर कागद जळले. म्हणून आधार उरतो तो चर्चच्या वह्यांचा. त्यांची छायाचित्रं राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, १८८०च्या सुमारापर्यंतची. अक्षर पुसट, आडनावाला कधी 'ओ' लावलेला, कधी नाही. दोन्ही रूपं शोधा, नाहीतर अर्धी माणसं हुकतात. ग्रॅनर्डच्या आसपास १८२६ ते १८३१मध्ये त्या नावाची पाच मुलं मिळाली. लग्नाच्या नोंदीतलं वडिलांचं नाव लावल्यावर दोन उरली. त्या दोघांतला माझा कोणता, हे ठरवायला आईचं नाव लागतं आणि ते त्याने भारतात कुठेच सांगितलेलं नाही. दोन्ही मी वहीत लिहून ठेवलेत, पुढे प्रश्नचिन्ह.

जूनमध्ये ग्रॅनर्डला गेलो. डब्लिनहून गाडीने दीड तास. गावावर नॉर्मन काळातला मातीचा मोठा उंचवटा आहे, वर सेंट पॅट्रिकचा पुतळा. आणि गंमत बघा: हार्पच्या इतिहासात हे गाव आहेच. १७८०च्या दशकात, बेलफास्टच्याही आधी, इथे हार्पवादकांच्या स्पर्धा भरल्या होत्या, कोपनहेगनला जाऊन श्रीमंत झालेल्या इथल्याच एका जेम्स डंगनच्या पैशावर. माझं मन लगेच धावलं. म्हणजे कदाचित, कुठेतरी... बाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "त्या स्पर्धेच्या वेळी मजूर काय करत असतील माहीत आहे? बाहेर घोडे धरून उभे असतील." टेकडीवर वारा फार होता. आम्ही सँडविच खाल्लं आणि परत आलो.

येताना एका पावसाळी दुपारी ट्रिनिटी कॉलेजच्या जुन्या ग्रंथालयात थांबलो, तिकीट वीसेक युरो. नाण्यावर आहे तो हार्प तिथे काचेत आहे. ब्रायन बोरूचं नाव लावतात त्याला, पण तो राजा १०१४ साली मेला आणि हार्प त्याच्या तीन-चारशे वर्षं नंतरचा. तिथेही घराण्याची गोष्ट आणि वस्तू यांचा मेळ बसत नाही, याचं मला का कोण जाणे बरं वाटलं. मला मोठा वाटला होता, हा मांडीवर मावेल एवढा. विलोच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली पेटी, तारांची भोकं झिजलेली.

स्वतःचा हार्प मी त्याच वर्षी फेब्रुवारीत एका कारागिराकडे नोंदवला होता. ४,२०० युरो, निम्मे आधी. चौदा महिने म्हणाला होता, एकोणीस लागले. सप्टेंबर २०२४ला घरी आला. भाड्याचे एकूण ११०० आणि काही झाले, शिकवणी अर्ध्या तासाला ३०. कागदपत्रांचा सगळा खर्च दीडशेच्या आत. लोक उलटं समजतात, म्हणून सांगते. शोध स्वस्त असतो, वाद्य महाग. नोकरीला असाल तर दिवसाला वीस मिनिटं पुरतात, पण रोज. मी रविवारी दोन तास बसून बघितलं, खांदा धरला आणि आठवडा गेला. आता सात-आठ चाली येतात. त्यात कॅरोलन या जुन्या आयरिश हार्पवादकाची पहिली रचना आहे, परीच्या दोन टेकड्यांवरची. देवीने अठराव्या वर्षी डोळे गेले, मग तीन वर्षं शिकून एक घोडा आणि वाटाड्या घेऊन तो हिंडायला निघाला. अठरा हे वय मला आता तेवढं मोठं वाटत नाही.

या जानेवारीत मामाला व्हिडिओ कॉलवर ती वाजवून दाखवली. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्या बाईचं काय?" कोणत्या बाईचं? "अगं, त्या रेघेवाल्या." तीन वर्षं मी लाँगफर्डच्या वाड्या पालथ्या घालत होते, तिथल्या पाच मुलांचे आईबाप मला तोंडपाठ होते. ती बहुधा इगतपुरीच्या आसपासचीच असणार, बोलत मराठी असणार, आणि तिच्यासाठी मी एक पत्रसुद्धा लिहिलं नव्हतं.

ते फेब्रुवारीत लिहिलं, मराठीत. फादरना विनंती केली की १८६९ ते १९१० या काळात त्या नावाच्या जेवढ्या बायकांचं दफन झालं असेल त्या सगळ्यांची वयं आणि नवऱ्याचं नाव कळवावं. शिवाय १८६५ ते ६९मधले मोठ्या माणसांचे बाप्तिस्मे, कारण लग्नाआधी झाला असेल तर त्यात तिचं आधीचं नाव असू शकतं. पत्रासोबत लग्नाच्या नोंदीची प्रत जोडली, रेघेवर पेन्सिलने गोल करून. मामा दोनदा जाऊन आला. जुनी वही बांधणीला नाशिकला गेली आहे, गणपतीनंतर या, असं सांगितलंय.